फाल्गुन वद्यात तंजावर

चपला पायातच राहू द्या. सूर्य अजून कासराभर वर आलाय, पण कावेरीच्या पात्रातली वाळू आताच पोळायला लागली आहे. पाणी आहे ते पलीकडच्या काठाला, घोट्याएवढं. मेट्टूरचं धरण व्हायला अजून शंभर वर्षं अवकाश आहे, त्यामुळे नदी तिच्या मर्जीची. मार्च संपत आला की ती अशीच बाजूला सरकून बसते.

साल १८२६. शिमगा नुकताच झालाय. मागे तिरुवैयारू राहिलं. तिथल्या एका गल्लीत साठीला आलेले एक गृहस्थ रामनाम गात दारोदार तांदूळ मागतात. दरबारानं बोलावलं तरी ते गेले नाहीत, असं लोक सांगतात. त्यांचं नाव त्यागराज. त्यांच्यासाठी दोन दिवस काढायला हवे होते, पण तुम्हाला राजधानी बघायची घाई. कावेरीनंतर कुडमुरुट्टी, मग वेट्टार, वेण्णार, वडवार. चारेक कोसांत इतक्या नद्या ओलांडायच्या की शेवटी मोजणं सुटतं. भाताची कापणी कधीच आटोपली आहे. रिकाम्या खाचरांत उडीद-मूग उभे आहेत आणि ताडांच्या रांगेमागे, बराच वेळ एकाच जागी, एक दगडी शिखर दिसतंय. चालून चालून ते जवळ येत नाही. दोनशे फुटांहून उंच आहे, त्याला घाई कसली.

वेशीपाशी मोडी खरडत बसलेला कारकून मान वर करतो. तामीळमध्ये काहीतरी विचारतो, तुमचा चेहरा बघतो आणि सरळ मराठीवर येतो.

"कुठले?"

"पुण्याचे."

"तिकडे आता अंमल कुणाचा?"

"कंपनीचा."

"मग इथलाच," तो म्हणतो. "फक्त आमच्याकडे तो तटाबाहेर उभा आहे."

त्याची थट्टा अगदी मुद्देसूद आहे. १७९९ च्या तहानं तंजावरचा मुलूख इंग्रजांकडे गेला. सरफोजीराजांकडे राहिला हा किल्ला, भोवतालची थोडी जमीन, वर्षाला एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. फौज नाही, लढाई नाही, दुसऱ्या राज्याशी परस्पर पत्रव्यवहार नाही. पुण्यात पेशवाई बुडून आठ वर्षं झाली. तिथे शनिवारवाड्यातून झेंडा उतरला तसा इथला उतरला नाही एवढंच. तेव्हा लक्षात ठेवा, तुम्ही एका अशा राजधानीत शिरताय जिला राज्य उरलेलं नाही. आणि माझं ऐकाल तर तंजावर बघण्याजोगं झालं ते त्यानंतरच. ज्या राजाला मोहिमा काढायच्या नाहीत, त्याच्या हातात किती वेळ आणि किती पैसा मोकळा राहतो, ते या तटाच्या आत बघायला मिळतं.

आत चार मोठे राजरस्ते. त्यांवर तामीळ, तेलुगू, मराठी आणि दखनी अशा चार भाषा एकाच सौद्यात वापरल्या जातात. भाव तामीळमध्ये विचारायचा, घासाघीस तेलुगूत आणि हिशेब मराठीत. मराठी ऐकताना मात्र जरा थबकायला होतं. शब्द तुमच्या ओळखीचे, चाल परकी. एकोजीराजे इथे आले १६७६ च्या सुमाराला. म्हणजे ही मराठी दीडशे वर्षं कावेरीच्या पाण्यावर वाढली आहे, आणि तिला आपल्या चालीत काही वावगं वाटत नाही. उलट तुमचं पुणेरी ऐकूनच दुकानदाराची बायको हसते. ही मंडळी स्वतःला उपरी समजत असतील असं धरून बोलू नका. मराठीतलं पहिलं नाटक म्हणून ज्याचं नाव घेतात ते 'लक्ष्मीनारायण कल्याण' इथल्या शहाजीराजांच्या काळातलं, सतराव्या शतकाच्या अखेरचं. सांगलीत विष्णुदास भावे 'सीतास्वयंवर' करतील ते आजपासून सतरा वर्षांनी.

एका बोळात चित्रकाराचा ओटा आहे. तिथे बसा, कोणी हाकलत नाही. म्हाताऱ्याच्या पुढ्यात फणसाच्या लाकडाची फळी आहे, तिच्यावर कापड चिकटवलंय चिंचोक्याच्या खळीनं. वर चुनखडीचा हात देऊन दगडानं घासून घासून ते इतकं गुळगुळीत केलंय की बोट घसरतं. बाळकृष्णाची आकृती रेखून झाली आहे. तुम्ही आजवर पाहिलेले बाळकृष्ण सावळे, चपळ. हा गोरा, गुबगुबीत, लोण्याचा गोळा हातात घेऊन फुरसतीनं बसलेला. म्हातारा खडूची भुकटी आणि डिंक कालवून केलेला लगदा कुंचल्याच्या टोकावर घेतो आणि कंठ्याच्या रेघेवर थेंब थेंब ठेवत जातो. एक थर वाळला की दुसरा. कंठा फळीवरून वर उठायला लागतो. मग ओल्या लगद्यात काचेचे खडे दाबून बसवायचे, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि वर्ख ठोकताना श्वास सोडायचा तो मान वळवून, नाहीतर सोनं उडून शेजाऱ्याच्या ओट्यावर. नातू हे सगळं बघत खडे निवडतोय, लाल एका वाटीत, हिरवे दुसऱ्या वाटीत. रंग सर्वांत शेवटी. चित्राला चेहरा येतो तोवर देव दागिन्यांनी मढून बसलेला असतो.

दुपार कलली की बृहदीश्वराला जा. सावली जमिनीवर पडत नाही असं तुम्हाला कोणीतरी सांगितलेलं असेलच. पडते, आणि या वेळेला चांगली लांबलचक पडते. राजराज चोळानं १०१० मध्ये हे पूर्ण केलं. तेव्हा मराठीतले पहिले शिलालेख नुकते कुठे कोरले जायला लागले होते. नंदीपाशी थोडं थांबा. एकाच दगडाचा, बारा फूट उंच, तेल पिऊन पिऊन काळा झालेला. तो चोळांच्या काळचा नाही, नंतर, मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांच्या वेळी आला, पण आता त्याच्याशिवाय अंगण रिकामं वाटेल.

खरं वाचन आहे ते भिंतींवर. देवळाच्या दगडांवर राजराजाचे तामीळ लेख आहेत. त्यांतल्या एकात देवळाच्या चारशे नर्तकींची नोंद आहे. प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या गावाहून आणली, तिचं घर कुठल्या गल्लीत कितवं आणि वर्षाला तिला भात किती. आठशे वर्षांपूर्वीच्या पगारपत्रकाला इतका टिकाऊ कागद क्वचितच मिळाला असेल. तिथून नैऋत्य कोपऱ्याकडे चालत या. प्राकाराच्या भिंतीवर अचानक देवनागरी सुरू होते. तीही मराठी. ओळीमागून ओळ, दगडामागून दगड. हे भोसले घराण्याचं चरित्र आहे, बाबूराव चिटणीसांनी रचलेलं आणि १८०३ मध्ये कोरून घेतलेलं. तेवीस वर्षांचा लेख, कडा अजून धारदार आहेत. अक्षरावरून बोट फिरवलं तर खाचेत धूळसुद्धा फारशी नाही. मालोजी, शहाजी, शिवाजी, एकोजी... तुम्ही बखरीत वाचलेली माणसं इथे उभ्या भिंतीवर भेटतात, आणि तीही आपल्या बाजूनं सांगितलेली. १६७७ मध्ये शिवाजीमहाराज कर्नाटकच्या स्वारीवर आले, कोळ्ळिडम नदीच्या काठी धाकट्या सावत्र भावाला, म्हणजे एकोजीला, भेटले आणि वडिलांच्या दौलतीत वाटा मागितला. ती भेट गोड झाली नाही. साताऱ्यात तुम्ही ऐकलेली हकीकत आणि तंजावरात ऐकाल ती हकीकत एक असेल अशी अपेक्षा धरू नका.

दुसऱ्याच्या देवळाच्या भिंतीवर आपली वंशावळ कोरणं हे जरा धाडसाचंच. तुमच्या काळात कोणी केलं तर पुरातत्त्व खातं त्याला दाराबाहेर पाऊल टाकू देणार नाही. पण साल बघा. तह १७९९ चा, लेख १८०३ चा. मुलूख गेल्यावर चार वर्षांत राजानं घराण्याचा इतिहास दगडावर चढवला. कागद कंपनीच्या कचेरीत जाऊ शकतात, ही भिंत कोण उचलून नेणार?

आता वाडा. आधी नायकांनी बांधलेला, मग भोसल्यांनी वाढवलेला, त्यामुळे कुठलंही दार कुठल्याही चौकात उघडतं. सरस्वती महालात शिरायला ओळख लागते. गंमत अशी की तुमच्या काळात ते सोपं आहे. १९१८ पासून हे भांडार लोकांना खुलं झालं. आज एखाद्या शास्त्रीबुवांच्या मागे मागे जा. लाकडी फडताळांत ताडपत्रांच्या पोथ्या रुमालांत बांधून ठेवल्या आहेत. लोखंडी टोच्यानं पानावर अक्षर कोरायचं, मग काजळी चोळून पुसायचं, की काळेपणा फक्त खाचेत राहतो. हे भांडार नायकांच्या काळापासूनचं, पण त्याला भूक लावली ती या राजानं. १८२० मध्ये तो मोठा लवाजमा घेऊन काशीला निघाला, दोन वर्षांनी परतला. बाकीचे यात्रेकरू गंगाजल आणतात. यानं सोबत पोथ्या आणल्या आणि काशीच्या घाटांची चित्रंही.

दुसऱ्या दालनात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन ग्रंथ. एखादं उघडायला मिळालं तर पहिलं पान बघा. राजाची सही आहे, इंग्रजीत, तारखेसकट. लॅव्हॉझिएचं रसायन, लिनियसच्या वनस्पती. नुसती शोभेला ठेवलेली पुस्तकं नव्हेत ही. बाजूला हवा उपसायचा पंप आहे, विजेची ठिणगी पाडणारं यंत्र आहे. धन्वंतरी महालात देशी वैद्य आणि इंग्रजी वैद्यक एकाच छपराखाली चालतं. इथे डोळ्यांच्या रुग्णांची टिपणं ठेवतात: माणूस कोण, दुखणं काय, उपाय काय केला, गुण आला की नाही. सोबत त्या डोळ्याचं रंगीत चित्र. एका कागदावर बुबुळावर दुधी पडदा, पापणीचा एकेक केस वेगळा काढलेला. ज्या कुंचल्यानं बाहेर बाळकृष्णाचे डोळे रेखले जातात, त्याच हातवळणाचं हे काम आहे, फक्त इथे सोनं नाही. कुणा गरिबाचा आजारी डोळा इतक्या निगुतीनं काढून ठेवावा असं दुसऱ्या कुठल्या दरबाराला वाटलं होतं, तुम्हीच आठवून बघा.

छापखान्याकडेही एक चक्कर टाका. १८०५ मध्ये राजानं तो काढला आणि त्याला 'नवविद्याकलानिधी' असं भारदस्त नाव दिलं. देवनागरी खिळे, मराठी आणि संस्कृत पुस्तकं. इसापाच्या गोष्टी मराठीत 'बालबोधमुक्तावली' म्हणून छापल्या त्या इथेच. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना १८१७ मध्ये मराठी छापायला लागला, म्हणजे तंजावर बारा वर्षं पुढे. इतकं असून आपल्याकडच्या छपाईच्या गोष्टीत तंजावरला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही. अंतर फार, हे एक कारण झालं. दुसरं कारण आपला आळस.

एखादा पंतोजी गाठ पडला तर 'देवेंद्र कुरवंजी' म्हणून दाखवायला सांगा. कुरवंजीत डोंगरातली भविष्य सांगणारी बाई येते, नायिकेचा हात बघते आणि प्रियकर कधी भेटेल ते सांगते. ठरलेली रीत. राजानं मराठीत लिहिलेल्या या कुरवंजीत तीच बाई जगाचा भूगोल सांगते. खंडं, देश, नद्या, डोंगर. पोरं ताल धरून युरोप पाठ करतात.

गावात सध्या आणखी एक पाहुणा आहे. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर. २६ मार्चला इस्टरच्या दिवशी त्यांनी श्वार्ट्झच्या चर्चमध्ये उपासना घेतली. शिवगंगा तलावाशेजारचं हे चर्च बघून घ्या. आत फ्लॅक्समननं केलेलं संगमरवरी शिल्प आहे. खाटेवर मरणपंथाला लागलेला पाद्री आणि त्याचा हात धरून उभा असलेला तरुण राजा. ते राजानंच लंडनहून करवून घेतलं. तुळजाजीराजांनी सरफोजीला दत्तक घेतलं तेव्हा तो दहा वर्षांचाही नव्हता. तुळजाजी गेले, गादी चुलत्यानं, अमरसिंगानं घेतली आणि पोराला कोंडून ठेवलं. जर्मन पाद्री श्वार्ट्झ मध्ये पडला म्हणून तो सुटला, मद्रासला गेला, शिकला. राजा मात्र हिंदूच राहिला. पाद्र्यावर त्यानं इंग्रजीत मृत्युलेख रचला, आणि देवळाच्या पूजेतही काही कमी पडू दिलं नाही. दोन्ही बाजूंचे कट्टर लोक यावर नाकं मुरडतात. त्यांना मुरडू द्या.

२८ तारखेला दरबारात बिशपांची भेट आहे. तुम्ही खांबाआड उभे राहा, चोपदाराच्या नजरेत येऊ नका. राजा अठ्ठेचाळीस वर्षांचा, भरदार बांध्याचा, नाक ससाण्यासारखं, करड्या झुबकेदार मिशा. कपडे उंची, पण दागिन्यांचा बडेजाव नाही. इंग्रजी अस्खलित. बिशपांना तो एखाद्या फ्रेंच सेनापतीसारखा वाटतो, आणि पुढे ते लिहून ठेवणार आहेत की शास्त्रज्ञांची नावं याच्या जिभेवर असतात, घोड्याची पारख इंग्रज अधिकारी याच्याकडून करून घेतात आणि वाघावरचा नेम याचा चुकत नाही. शेजारी सतरा वर्षांचा युवराज शिवाजी. फिकट, अशक्त, इंग्रजी अडखळत बोलणारा. बिशप म्हणतात, मुलाला माझ्याबरोबर दौऱ्यावर पाठवा, वाटेत इंग्रजीही सुधारेल. बापाची ना नाही. मुलाच्या आईची आहे. पोर नाजूक आहे, ती पाठवणार नाही. ज्या राजाचं आयुष्य एका पाद्र्यानं घडवलं, त्याच्या मुलाचा पाद्र्याबरोबरचा प्रवास माजघरात अडतो.

हा मुलगा १८५५ मध्ये मुलगा मागे न ठेवता जाईल आणि डलहौसीचे लोक वाड्याला कुलपं लावतील, हे तुम्हाला ठाऊक आहे. इथे बोलू नका.

रात्री नाच चुकवू नका. गुरूच्या जागी उभे असलेले चौघे भाऊ फार तरुण आहेत: चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू. धाकट्याचं वय सोळा. मुथुस्वामी दीक्षितांकडे शिकलेले. आज सदीर म्हणून जे चाललंय, त्याचा अलारिपूपासून तिल्लान्यापर्यंतचा क्रम पुढे या चौघांच्या नावावर जमा होईल आणि जग त्याला भरतनाट्यम म्हणेल. एखादी रचना मराठी निघते आणि तुम्ही दचकता. राजानं स्वतः रचलेली निरूपणं आहेत ती. नर्तकीच्या घरची भाषा मराठी नसावी, पण तिचा एकही उच्चार फसत नाही. या कलेच्या पायात मराठी शब्दही होते, हे आपण अगदी विसरून गेलोय.

निघताना दक्षिणेची वाट धरा. ओरत्तनाडला मुक्तांबाबाईंच्या नावाचं छत्र आहे. ही राजाची जिवलग, तरुणपणीच गेली. माझ्या नावानं छत्र बांधा एवढंच तिनं मागितलं. इथे वाटसरूला जेवण मिळतं, जात कुठलीही असो. आजाऱ्याला वैद्य, बाळंतिणीला दाई, लहानग्याला दूध. ब्राह्मणांची पंगत वेगळी, बाकीच्यांची वेगळी. काळ तोच आहे, फसू नका. पुढे समुद्रकाठी, शरभेंद्रराजपट्टणाला, आठ मजल्यांचा मनोरा आहे. नेपोलियन पडल्याच्या आनंदात राजानं तो उभारला, आणि स्वतःला इंग्रजांचा मित्र म्हणवून घेणारा लेख त्यावर लावला. मला विचाराल तर सरफोजीची ही एकच गोष्ट बघताना संकोच वाटतो. वेळ नसेल तर तो मनोरा टाळा, छत्रात एक रात्र जास्त काढा.

मध्यरात्री इथे घंटा होते. कोणी जेवायचं राहिलंय का, हे विचारण्यासाठी. ती ऐकून त्रिचनापल्लीकडून आलेले दोन गाडीवान आत येतात, हात धुतात आणि बसायच्या आधीच बातमी सांगतात. ३ एप्रिलला सकाळी बिशपसाहेब उपासना आटोपून हौदात आंघोळीला उतरले आणि तिथेच गेले. बेचाळीस वर्षांचा माणूस. छत्राचा कारकून कपाळाला हात लावतो. म्हणजे युवराज गेला असता तर हे त्याच्या देखत घडलं असतं, तो म्हणतो. राणीसाहेबांनी अडवलं ते बरं झालं. वाढपी म्हणतो, उलट युवराज बरोबर असता तर नोकरचाकर जास्त असते, कोणीतरी वेळेवर आत डोकावलं असतं. गाडीवानांना दोघांचंही पटत नाही. त्यांचं म्हणणं, दोष उन्हाचा आहे, तापलेल्या अंगानं गार पाण्यात उतरू नये हे मद्रासेतल्या गोऱ्यांना कोणी सांगत कसं नाही. वाढपी भाताचं घमेलं घेऊन उभाच आहे, आणि तुमचं मत काय ते चौघांनाही हवं आहे.